बंद पडणाऱ्याची बाजू

आमच्या लहानपणी घरातले दिवे गेले की पहिला प्रश्न असायचा, "सगळ्यांचे गेले का आपलेच?" सगळ्यांचे गेले असतील तर काळजी नसे. दुःख वाटून घेतलं की हलकं होतं म्हणतात, ते विजेच्या बाबतीत तरी खरं आहे. पण आपलेच गेले असतील तर वडील खुर्चीवर चढायचे, चिनीमातीचा फ्यूज उपसायचे आणि त्यात नवी तार बांधायचे. केसासारखी बारीक असायची ती तार. वाड्यात कुणी इस्त्री लावली की ती वितळायची आणि पाच बिऱ्हाडं एकदम अंधारात जायची. एका आठवड्यात ती तिसऱ्यांदा उडाली तेव्हा वाड्यातले एक हिकमती गृहस्थ पुढे झाले. त्यांनी फ्यूजमध्ये चांगली चारपदरी जाड तार ठोकून दिली आणि "आता बघू लेकाचा कसा उडतो ते!" असं म्हणत मिशीवरून हात फिरवला.

फ्यूज खरोखरच उडाला नाही. दोन महिन्यांनी मीटरची फळी पेटली. ती विझवताना माझ्या वडिलांच्या धोतराचा सोगा जळाला. पण "फळी पेटली, फ्यूज मात्र जागचा हलला नाही," हे त्या गृहस्थांनी पुढे कित्येक वर्षं सांगितलं आणि वाड्याने ते कौतुकाने ऐकलं.

हे सगळं साठ वर्षांनी आठवायचं कारण म्हणजे आमचे नातू. चिरंजीव नोकरीनिमित्त बडोद्याला असल्यामुळे नातवाला शिकायला आमच्याकडे पुण्याला ठेवलंय. तो ॲनिमेशन शिकतो, म्हणजे दिवसा झोपतो आणि रात्री कॉम्प्युटरवर एका हत्तीला चालायला शिकवतो. या हत्तीचं एक सेकंदाचं चालणं म्हणजे चोवीस चित्रं. प्रत्येक चित्रात ऊन कुठून येतं, कानाची सावली मानेवर कशी पडते, याचा हिशेब कॉम्प्युटरने करायचा. त्याला रेंडर करणं म्हणतात. दहा सेकंद हत्ती चालला की दोनशे चाळीस हिशेब! बँकेत मार्चअखेरीला आम्ही याहून कमी केले असतील आणि त्याबद्दल आम्हाला चहा-बटाटेवडा मिळायचा.

एवढ्या कामाला तयार कॉम्प्युटर महाग पडतो, म्हणून सुटे भाग आणून घरीच जोडायचं ठरलं. त्यासाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण ते नाव सांगून पत्ता विचारलात तर त्याच रस्त्यावर उभा असलेला माणूसही तुम्हाला पुढच्या चौकात विचारा म्हणेल. तिथे मला कळलं की कॉम्प्युटर जुळवणं आणि लग्न जुळवणं यांत फारसा फरक नाही. हा प्रोसेसर त्या मदरबोर्डला चालत नाही, ही रॅम त्या खाचेत बसत नाही, अमुक कार्ड तमुक कॅबिनेटमध्ये लांबीमुळे मावत नाही. छत्तीस गुण बघून सगळं खरेदी केलं. राहता राहिला एसएमपीएस. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येकाला पचेल अशी वाढून देणारा डबा. तिथे मी तोंड घातलं.

"हा कशाला नवा? आपल्या जुन्या कॉम्प्युटरचा आहे ना! उत्तम चाललाय."

तो जुना कॉम्प्युटर मी २०१३ साली निवृत्त झाल्यावर घेतला होता. त्यावर मी पत्ते खेळलो आणि विजेची बिलं भरली. तेवढ्यासाठी तो डबा खरोखरच उत्तम होता. नातू काहीतरी बोलू पाहत होता, पण मी चार हजार रुपये वाचवल्याच्या आनंदात होतो आणि अशा वेळी मला ऐकू येत नाही.

घरी आल्यावर त्याने सगळं जोडलं. दिवे लागले, पंखे फिरले, आमच्या हिने कॅबिनेटला हळदकुंकू वाहिलं. आठवडाभर सगळं छान. मग एका रात्री हत्ती रेंडरला लावला आणि अकराव्या मिनिटाला टप्प! पडदा काळा, पंखे गप्प.

कॉम्प्युटर बंद पडण्याच्याही तऱ्हा असतात. एका तऱ्हेत निळा पडदा येतो आणि त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं. कुणी घर सोडून जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवून जावं, तसं. चिठ्ठी कळत नाही, पण ठेवली एवढं तरी समाधान. आमच्या कॉम्प्युटरने चिठ्ठी ठेवली नव्हती. वर बटण दाबलं तर ढिम्म. भिंतीवरचं बटण बंद करून दहापर्यंत अंक मोजायचे, मग पुन्हा लावायचं, तेव्हा स्वारी उठे. "त्याला थोडा वेळ एकटं सोडा," असं ही म्हणाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिने माझ्यावर हाच उपाय केलाय.

पुन्हा चालू झाल्यावर नातवाने आतली नोंदवही उघडली. विंडोजमध्ये घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद होते, हे मला ठाऊक नव्हतं. एका माजी बँकवाल्याला त्यामुळे जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही. तिथे 'कर्नल पॉवर, ४१' अशी नोंद होती. मोठ्या आशेने आम्ही अर्थ पाहिला. अर्थ असा, की 'कॉम्प्युटर आधी नीट बंद न होता पुन्हा चालू झाला.' म्हणजे मयताच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण म्हणून 'जिवंत नसणे' असं लिहावं, तशातली गत!

मग घरात खटला उभा राहिला. शेजारी म्हणाले, सोसायटीचं व्होल्टेज. ही म्हणाली, नजर. मी म्हणालो, प्रोसेसर सदोष आहे, दुकानदाराने फसवलं. (मी नेहमी गैरहजर माणसावर आरोप ठेवतो. तो उलट बोलत नाही.) नातवाला उष्णतेचा संशय होता. त्याने प्रोसेसरवरचा पंखा काढला आणि मधली पेस्ट पुसून नवी लावली. ही पेस्ट वाटाण्याएवढीच लावायची असते. दोन धातू एकमेकांवर बसले तरी मध्ये बारीक फटी राहतात, त्यांतली हवा उष्णता अडवते, म्हणून त्या फटी भरायला ही पेस्ट. पुरणपोळीवरच्या तुपासारखा हात सैल सोडून उपयोग नाही.

त्या निमित्ताने प्रोसेसरच्या स्वभावाची एक गोष्ट कळली आणि ती माझ्या मनात घर करून राहिली. तो तापत शंभर अंशांच्या घरात गेला की लगेच बंद पडत नाही. आधी तो काम हळू करायला लागतो. धावत होता तो चालायला लागतो. दम खातो. तेवढ्याने भागलं नाही, तरच शेवटी बंद. आमचा प्रोसेसर मात्र ऐंशीच्या पुढे गेलाच नव्हता. तो निर्दोष सुटला.

मग नातवाने जे केलं ते बघून मला वाटलं की हा मुलगा बँकेत यायला हवा होता. त्याने एका वेळी एकच गोष्ट तपासली. नुसत्या प्रोसेसरला अर्धा तास राबवलं. काही झालं नाही. नुसत्या ग्राफिक कार्डाला अर्धा तास राबवलं. काही झालं नाही. मग दोघांना एकदम कामाला लावलं आणि चौथ्या मिनिटाला टप्प.

"आजोबा, यातला कुणीच वाईट नाहीये," तो म्हणाला. "बेरीज जास्त होतेय."

बेरीज आम्ही कागदावर केली. प्रोसेसर जोरात असताना एकशे चाळीस वॅट, कार्ड दोनशे वीस, बाकी किरकोळ मंडळी चाळीस. झाले चारशे. शिवाय कार्ड मधूनच क्षणभर उसळी मारतं, ती वेगळीच. आता वाढणारा डबा बघायचा. त्यावर ठळक अक्षरांत ५०० लिहिलं होतं. मी विजयी मुद्रेने त्यावर बोट ठेवलं. नातवाने माझं बोट हळूच खाली सरकवलं. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता होता. बारा व्होल्टच्या रकान्यात तीस अँपिअर. बारा गुणिले तीस, तीनशे साठ. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही याच बारा व्होल्टच्या पंगतीला बसतात. बाकीचे एकशे चाळीस वॅट भलत्याच पंगतीसाठी राखून ठेवलेले. तीनशे साठांची भाकरी आणि चारशेंची भूक. अंगावर येतंय असं दिसल्यावर तो डबा स्वतःहून हात वर करत होता. त्याच्यात तशी सोयच असते. तो बिघडला नव्हता, तो शहाणपणाने बंद होत होता.

"म्हणजे हा माझा डबा," मी म्हणालो.

"तुमची काही चूक नाही आजोबा," नातू म्हणाला. हल्लीची मुलं उद्धट असतात हा समज किती चुकीचा आहे, आणि ती उद्धट असती तर किती बरं झालं असतं, हे मला त्या क्षणी कळलं.

एवढ्यात कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला येऊन गेला. त्याच्याकडे एक स्वस्तातला लोकल एसएमपीएस होता. "हा लावा साहेब. कितीही लोड द्या, बंद म्हणून पडायचा नाही."

मी पाकिटाला हात घालणार, तोच नातू म्हणाला, "मग काय होईल त्याचं?"

"काय व्हायचं? चालत राहील."

"आणि चालत राहून राहून?"

कॉम्प्युटरवाल्याने खांदे उडवले. "जळला तर जळला. दुसरा देतो." जळताना तो मदरबोर्डाला आणि कार्डालाही बरोबर घेऊन जाऊ शकतो, हे नातवाने तो गेल्यावर सांगितलं. मला एकदम ती चारपदरी तार दिसली, आणि मिशीवरून फिरणारा हात.

आता इथे मला दादाबद्दल सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तरी चालेल, पण त्या रात्री मला झोप आली नाही ती त्याच्यामुळे.

दादा माझा थोरला भाऊ. आठ वर्षांनी मोठा, नागपूरला सरकारी नोकरीत होता. वडील गेल्यावर आई त्याच्याकडे होती. १९९४च्या जानेवारीत तिला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. आणि ऑगस्टमध्ये मला दादाचं निळं आंतर्देशीय पत्र आलं. तीन ओळींचं. 'मला आता जमत नाही. पंधरा दिवसांत येऊन आईला घेऊन जा. रागावू नकोस.'

मी रागावलो. नुसता रागावलो नाही, ते पत्र जपून ठेवलं. तीस वर्षं ठेवलंय. पुराव्याचा कागद फाडायचा नाही, ही बँकेची शिकवण. आई आमच्याकडे पाच वर्षं होती, १९९९ साली गेली. त्या पाच वर्षांत आम्ही एकदाही 'जमत नाही' म्हटलं नाही, हे मी प्रत्येक लग्नात, मुंजीत, बाराव्या-तेराव्याला सांगितलं. दादा असला तर जरा मोठ्याने सांगितलं. या 'आम्ही'मध्ये मी नेमका किती होतो याचा हिशेब कुणी मागितला नाही. मी सकाळी नऊला बँकेत जायचो आणि संध्याकाळी सातला आईला "कसं काय?" विचारायचो. मधले तास आणि रात्री हिच्या होत्या. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. १९९७ साली ही स्वयंपाकघरात कोसळली. डॉक्टरांनी तीन आठवडे पाठ टेकायला सांगितली. चौथ्या दिवशी ही उठून कामाला लागली. हेही मी सांगत आलो. "चौथ्या दिवशी उभी!" असं म्हणताना मला मिशी नाही म्हणून, नाहीतर हात नक्की तिथे गेला असता.

त्या रात्री मी पहिल्यांदा दादाची बेरीज केली. दोन खोल्यांचं क्वार्टर. त्या वर्षी मेमध्ये वहिनींचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. पुतणी बारावीला. नागपूरचा उन्हाळा. आई रात्री ओरडायची. हे सगळं मला ठाऊक होतं, एकेक ठाऊक होतं. मी जूनमध्ये दोन दिवस जाऊनही आलो होतो. आईच्या उशाशी बसलो आणि संत्रा बर्फी घेऊन परतलो. आणि दादाची पत्रं! जानेवारीत ती चार पानी असायची. मार्चमध्ये दोन पानी. जूनमध्ये पोस्टकार्ड: 'सर्व ठीक.' दादा आधी हळू झाला होता. ते मला दिसलं नाही, कारण मी 'सर्व ठीक' एवढंच वाचत होतो.

कांट नावाचे एक जर्मन तत्त्ववेत्ते होऊन गेले, १७२४ ते १८०४. त्यांच्या विचारातला एक धागा असा सांगतात की 'तू हे केलंच पाहिजे' असं एखाद्याला बजावण्यात 'तुला ते करता येतं' हे गृहीत धरलेलं असतं. जे झेपतच नाही ते कर्तव्य कसलं? वाचायला छान आहे. पण झेपत नाही हे ठरवायचं कुणी? ओझं ज्याच्या डोक्यावर आहे त्याने, की रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्याने? पहिल्याने ठरवायचं म्हटलं तर प्रत्येक कामचुकार उद्यापासून 'माझं बारा व्होल्ट तीनशे साठ' म्हणून चादर ओढून झोपेल. आमच्या बँकेत असे बरेच होते. एक तर साडेअकरालाच ओव्हरलोड व्हायचे. आणि दुसऱ्याने ठरवायचं म्हटलं तर काय होतं ते मी तीस वर्षं करून दाखवलंय. डब्यावर निदान तक्ता चिकटवलेला असतो. दादाच्या पाठीवर तो नव्हता. असता तरी मी वरचा मोठा आकडाच वाचला असता, 'थोरला मुलगा'. कांटसाहेबांनी यातून काय वाट काढली असती कोण जाणे, पण ते अविवाहित होते.

सकाळी चहा घेताना मी हे सगळं हिला सांगितलं. म्हटलं, "मला वाटतं दादाचं बरोबर होतं. त्याने वेळेवर हात वर केले, आधी सांगून केले. आपण उगाच त्याला..."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कॉम्प्युटर बंद पडला तर हत्ती तसाच उभा राहतो. कुणाचं काही अडत नाही. सासूबाई तशा उभ्या राहणार होत्या का?"

"नाही, पण..."

"दादांना बंद पडता आलं, कारण पुढे तुम्ही होता. तुमच्या पुढे मी होते. माझ्या पुढे कोण होतं?"

मी कपाकडे बघत राहिलो. दादाची निर्दोष सुटका करायला मी रात्रभर जागलो होतो, आणि त्या निकालाचा दंड कुणी भरलाय हे विचारायचं राहून गेलं होतं. दादाने टाकलेलं ओझं हवेत विरलं नव्हतं. ते रेल्वेने पुण्याला आलं होतं आणि इथे एका बाईच्या कमरेवर उतरलं होतं, जिच्यात मी स्वतः 'आमची ही कधी नाही म्हणत नाही' अशी चारपदरी तार बांधून ठेवली होती.

"मग दादाचं चुकलं असं म्हणायचं का?" मी विचारलं.

"मी कुठे तसं म्हटलं?" ती म्हणाली. "त्यांनी रागावू नकोस असं लिहिलं होतं ना? मी नाही रागावले. तुम्ही रागावलात." आणि कप विसळायला उठली. उठताना एक हात टेबलावर ठेवून उठली. ती गेली पंचवीस-तीस वर्षं अशीच उठते, हे मला त्या सकाळी दिसलं.

दोन दिवसांनी साडेसातशे वॅटचा नवा एसएमपीएस आला. पैसे मी दिले. नातू नको म्हणत होता. रात्री त्याने हत्ती लावला. अकरावं मिनिट गेलं, पंचविसावं गेलं. मी उगाचच खोलीबाहेर येरझारा घालत होतो, प्रसूतिगृहाबाहेर घालतात तशा. मग काय वाटलं कोण जाणे, नागपूरला फोन लावला. दादा आता ऐंशीचा आहे आणि फोनवर ओरडून बोलतो. मी त्याला कॉम्प्युटरची सगळी गोष्ट सांगितली. पेस्ट, बेरीज, बारा गुणिले तीस, सगळं. पत्राचं काही बोललो नाही. बोलणार होतो, पण बारा गुणिले तीसशी येऊन थांबलो.

"लागतात चारशे ना?" दादा म्हणाला.

"हो."

"आणि घेतलास साडेसातशेचा?"

"हो."

"बरं केलंस."

मग दोघेही गप्प झालो. एसटीडीचे दिवस असते तर एवढ्या गप्प बसण्याचे वीस रुपये झाले असते. शेवटी दादाच म्हणाला, "तिची कंबर कशी आहे रे?"

इतक्या वर्षांत मी त्याला तिच्या कमरेबद्दल कधी सांगितलं नव्हतं. मी फक्त 'चौथ्या दिवशी उभी' एवढंच सांगत आलो होतो. मी फोन तिच्या हातात दिला. ती खुर्ची ओढून बसली आणि वीस मिनिटं बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. आतल्या खोलीत पंखे जोरात घरघरत होते.